टँकने किती सोसावं, किती मारावं

गेममधली लढाई संपली, बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पडला आणि पूर्ण वेळात तुमचा एचपी, म्हणजे उरलेला जीव, ऐंशी टक्क्यांच्या खाली एकदाही उतरला नाही. बहुतेक टँक, म्हणजे टोळीसाठी पुढे उभं राहून मार सोसणारे खेळाडू, यावर खूश होतात. माझ्या मते खूश होण्यासारखं त्यात फार काही नाही. तुमच्या अंगावर गरजेपेक्षा जास्त आर्मर, म्हणजे मार कमी करणारं चिलखत, होतं, नाहीतर तुम्ही गरजेपेक्षा कमी शत्रू अंगावर घेतले, एवढाच त्याचा अर्थ. न वापरलेला एचपी बॉस मेल्यावर कुणी परत घेत नाही.

दुसऱ्या टोकाचे टँकही भरपूर भेटतात. कुणी किती मारलं त्या डॅमेजच्या यादीत वर दिसायचं म्हणून आर्मर सोडून मधूनच जोराचा फटका देणाऱ्या क्रिटच्या वस्तू घालतात, पंधराव्या सेकंदाला आडवे होतात आणि मग व्हॉइस चॅटवर हीलरची, म्हणजे एचपी भरून देणाऱ्याची, खरडपट्टी काढतात. या दोघांच्या मधली जागा अंदाजाने सापडत नाही. रब्बीला विहिरीत पाणी किती आहे ते बघून माणूस पाळ्या ठरवतो. ज्वारी वाळत असताना विहीर भरलेली ठेवण्यात शहाणपण नाही, आणि दाणा भरायच्या आधीच ती कोरडी करण्यातही नाही. टँकचा हिशेब याच जातीचा आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो.

खालच्या पायऱ्या डोटा, लीग ऑफ लेजंड्स (पुढे नुसतं लीग), वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी चौदा अशा वेगवेगळ्या गेममधून घेतल्या आहेत. संभाजीनगरच्या कॅफेत बसून डोटा खेळणाऱ्याला आणि लातूरच्या होस्टेलमध्ये फोनवर पोकेमॉन युनाइट खेळणाऱ्याला त्यातलं सगळंच लागू होणार नाही. आपापलं उचलावं.

पायरी १: समोर मशीन आहे की माणूस, ते आधी बघा

मशीनशी लढताना, म्हणजे गेमनेच चालवलेल्या शत्रूंच्या डंजन किंवा रेडमध्ये, शत्रू नियमाने वागतो. ज्याचा थ्रेट, म्हणजे त्या शत्रूला कुणावर किती राग आहे याचा आकडा, जास्त त्याला तो मारतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हा नियम असा आहे: तुमच्यावर असलेला शत्रू दुसऱ्याकडे वळायला जवळून लढणाऱ्याचा थ्रेट तुमच्या ११० टक्क्यांच्या वर जावा लागतो आणि लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांच्या वर. टाँट, म्हणजे शत्रूला आपल्याकडे वळवणारं बटन, मारलं की तुमचा थ्रेट सगळ्यात वरच्या माणसाइतका होतो आणि तो शत्रू काही क्षण तुम्हालाच मारतो. पण त्या क्षणांत तुम्ही स्वतः काही मारलं नाही, तर तो परत जातो. टँकला डॅमेज लागतो त्याचं पहिलं कारण हे. आता बहुतेक गेममध्ये टँकचा थ्रेट आपोआप कित्येक पटींनी वाढवून दिलेला असतो, म्हणून ही अडचण पुलच्या, म्हणजे शत्रू अंगावर ओढून घेण्याच्या, पहिल्या काही सेकंदांपुरतीच उरली आहे.

माणसाशी लढताना थ्रेट नावाची गोष्टच नसते. समोरच्याला अक्कल असते. तुमच्याकडे पाच हजार एचपी आहे आणि तुमच्या माराने त्याला गुदगुल्याही होत नाहीत, हे कळलं की तो तुम्हाला वळसा घालून तुमच्या हीलरकडे जातो. तिथे टँककडे दोन गोष्टींपैकी एक असावीच लागते: दुर्लक्ष केलं तर महागात पडेल इतका डॅमेज, किंवा दुर्लक्ष करूच देणार नाही असा, त्याला अडकवून ठेवणारा एखादा कंट्रोल.

म्हणून मशीनसाठीचा बिल्ड, म्हणजे वस्तूंची निवड, माणसावर चालवू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पायरी २: एचपी आणि आर्मर यांचा गुणाकार करा

लीग ऑफ लेजंड्समध्ये आर्मरचं सूत्र सोपं आहे. १०० आर्मर असेल तर शारीरिक मार निम्मा होतो, २०० असेल तर दोन तृतीयांश कमी होतो, ३०० असेल तर पाऊण. हे टक्के बघून अनेकांना वाटतं की पुढचं आर्मर वाया चाललंय, कारण पहिल्या शंभराने पन्नास टक्के दिले आणि तिसऱ्या शंभराने फक्त आठ. तसं नाही. मोजायची गोष्ट टक्के नाही, तुम्हाला पाडायला समोरच्याला एकूण किती मारावं लागतं ती आहे. एचपी २००० आणि आर्मर १०० असेल तर त्याला ४००० मारावं लागतं. आर्मर २०० केलं तर ६०००, ३०० केलं तर ८०००. दर शंभराला तेवढेच दोन हजार वाढत जातात.

डोटामध्ये हेच गणित दर आर्मरला सहा टक्के असं चालतं. दहा आर्मर म्हणजे एचपीच्या १.६ पट, वीस म्हणजे २.२ पट, तीस म्हणजे २.८ पट.

आता यातून निर्णय कसा निघतो ते बघा. लीगचंच सूत्र, एचपी ४०००, आर्मर ५०. म्हणजे समोरच्याला ६००० मारावं लागेल. हातातल्या सोन्यात ५०० एचपी येतो किंवा ५० आर्मर येतं असं धरू. एचपी घेतला तर आकडा ६७५० होतो. आर्मर घेतलं तर ८०००. त्याच पैशात एवढा फरक. उलट एचपी २००० आणि आर्मर १०० असताना हीच निवड केली तर दोन्हीकडून ५००० येतात. थोडक्यात, जे कमी आहे ते भरा. एकाच गोष्टीवर सगळे पैसे ओतणारा टँक कागदावर जाड दिसतो आणि लढाईत पातळ निघतो.

दोन गोष्टी मात्र या गुणाकारात येत नाहीत. एक, हीलर सोबत असेल तर आर्मरची किंमत वाढते, कारण मिळालेला प्रत्येक हीलही त्याच पटीने जास्त टिकतो. नुसत्या एचपीने तसं होत नाही. दोन, समोर कोण आहे. लीगमधल्या वेन या हिरोचा तिसरा फटका तुमच्या एकूण एचपीच्या टक्क्यात लागतो आणि आर्मरला जुमानतच नाही. तिच्यासमोर एचपीचा डोंगर उभा करून काही हाती लागत नाही. ती पोचणारच नाही अशी सोय करायची, किंवा ती यायच्या आत काम उरकायचं.

पायरी ३: ‘पुरेसं’ कुठे आहे ते शोधा

पुरेसं म्हणजे दोन हीलच्या मध्ये बसू शकणारा वाईटात वाईट मार सोसून उभं राहता येणं. त्याच्या वरचं सगळं शिल्लक.

एक काल्पनिक बॉस घ्या. तुमचा एचपी एक लाख. बॉसचा साधा फटका बारा हजारांचा, दर दोन सेकंदांनी. मधूनच एक मोठा फटका, पासष्ट हजारांचा. हीलरचा मोठा हील पोचायला अडीच सेकंद लागतात. वाईटात वाईट काय होईल? मोठ्या फटक्याच्या आगेमागे दोन साधे बसतील. पासष्ट अधिक चोवीस, म्हणजे एकोणनव्वद हजार. तुम्ही अकरा हजारांवर जिवंत आहात. काठावर, पण जिवंत.

आता मोठा फटका यायच्या आधी वीस टक्के मार कमी करणारं बटन दाबलं, तर एकोणनव्वदचे ७१,२०० होतात. याचा अर्थ तुम्ही दहा हजार एचपी सोडून त्या जागी डॅमेजची वस्तू घातली, तरी ९० हजारांतून १८,८०० उरतात. आधीपेक्षा जास्त. ही झाली सुरक्षित अदलाबदल, फक्त ते बटन प्रत्येक मोठ्या फटक्याला दाबलं गेलं पाहिजे. आणि इथे पाय घसरतो: बटन ९० सेकंदांनी परत येत असेल आणि मोठा फटका ४५ सेकंदांनी येत असेल, तर ते एकाआड एक फटक्यालाच पुरतं. मधल्या फटक्यांसाठी दुसरं बटन राखलेलं नसेल, तर ती अदलाबदल करूच नका.

खऱ्या गेममध्ये हे आकडे कुठून आणायचे? स्वतःच्या मरणातून. कॉम्बॅट लॉग, डोटाचा रिप्ले, मेल्यावर पडद्यावर येणारा हिशेब, जे मिळेल ते उघडा आणि शेवटच्या चारपाच सेकंदांत काय काय बसलं ते वाचा. मरणं साधारण तीन प्रकारची निघतात.

भरल्या एचपीवरून एकदम शून्य झाला असाल, तर एक फटका तुमच्या ताकदीबाहेरचा होता. तिथे एचपी तरी हवा नाहीतर त्या क्षणासाठी ठरवून ठेवलेलं बटन.

दहाबारा सेकंदांत हळूहळू रिकामे झालात आणि हीलर पुरा पडला नाही, तर सतत बसणारा मार जास्त होता. आर्मर वाढवा, नाहीतर पुढच्या वेळी एक घोळका कमी ओढा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि कबूल कुणी करत नाही: मेलात तेव्हा वाचवणारं बटन तयार होतं, दाबलं नाही. याला वस्तू बदलून उपाय नाही. अशा मरणानंतर आर्मर वाढवणारे टँक पुढच्या वेळीही तसेच मरतात, फक्त जरा उशिरा.

पायरी ४: शिल्लक कुठे लावायची

पहिली पसंती दोन्हीकडे कामाला येणाऱ्या गोष्टींना. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये व्हर्सटिलिटी जितके टक्के डॅमेज आणि हील वाढवते, त्याच्या निम्मे टक्के बसणारा मार कमी करते. तिथेच प्रोटेक्शन वॉरियर या टँकला हेस्ट, म्हणजे वेग, मिळाली की रेज, म्हणजे बटनांना लागणारी शक्ती, लवकर जमतो आणि तोच रेज शिल्ड ब्लॉक आणि इग्नोर पेन या वाचवणाऱ्या बटनांना लागतो. म्हणजे जास्त मारलंत तर जास्त टिकाल अशी साखळी. लीगमध्ये मालफाइटच्या जमिनीवर आपटण्याचा मार त्याच्या आर्मरवर वाढतो, टायटॅनिक हायड्रा एचपीवर डॅमेज देते, थॉर्नमेल मारणाऱ्याला उलट टोचते. ज्या हिरोचा डॅमेज त्याच्या जाडीवरच चालतो, त्याला डॅमेजच्या वेगळ्या वस्तू घालण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी पसंती कूलडाउन, म्हणजे बटन परत तयार व्हायचा वेळ, कमी करणाऱ्या गोष्टींना. वाचवणारं बटन लवकर परत आलं की पायरी तीनमधला हिशेबच बदलतो. निव्वळ डॅमेजच्या वस्तू सगळ्यात शेवटी.

आता एक लोकप्रिय समज तपासू: ‘टँकने जास्त मारलं की लढाई लवकर संपते, म्हणून मारही कमी बसतो.’ अर्धं खरं आहे. समजा लढाई ६० सेकंदांची, तुम्हाला सेकंदाला ५००० बसतात आणि टोळीच्या एकूण डॅमेजमध्ये तुमचा वाटा तीस टक्के आहे. तुम्ही तुमचा डॅमेज वीस टक्क्यांनी वाढवला, तर टोळीचा वाढला सहा टक्क्यांनी. लढाई साडेतीन सेकंद आधी संपली आणि सुमारे सतरा हजार मार वाचला. त्याच जागी दहा टक्के मार कमी करणारं काही घातलं असतं, तर तीस हजार वाचला असता. म्हणजे हीलरची तारांबळ चालली असेल तर डॅमेज वाढवणं हा उपाय नाही. हीलर मोकळा बसला असेल, तर ते वाचलेले तीस हजार कुणाच्याच कामाचे नाहीत आणि साडेतीन सेकंद मात्र सगळ्यांचे वाचतात.

म्हणून वस्तू बदलायच्या आधी हीलरकडे बघा. फायनल फँटसी चौदामध्ये चांगला हीलर मोकळ्या वेळात स्वतः मारतो. तुम्ही बटनं नीट लावलीत तर त्याचे हील वाचतात आणि त्या जागी त्याचा डॅमेज येतो. कित्येकदा तो तुमच्या वाढीव डॅमेजपेक्षा जास्त भरतो. यादीत तुमच्या नावासमोर तो दिसत नाही, एवढंच.

पायरी ५: एक पुल, सावकाश

इथे थोडं थांबतो, कारण सगळा खेळ याच अर्ध्या मिनिटाचा आहे. उदाहरण फायनल फँटसी चौदाच्या वॉरियरचं. या गेमची फुकट चाचणी ७० व्या लेव्हलपर्यंत वेळेच्या बंधनाशिवाय खेळता येते, त्यामुळे वाचता वाचता करूनही बघता येईल. डंजनमध्ये चौघं: एक टँक, एक हीलर, दोन डीपीएस, म्हणजे मारण्याचंच काम असलेले. दोन घोळके ओढले की पुढे वाट बंद असते आणि तिथेच उभं राहून सगळ्यांना मारायचं असतं.

पहिला घोळका. डिफायन्स, म्हणजे थ्रेट वाढवणारं बटन, चालू आहे ना ते बघा. ते विसरून आत शिरणारा टँक दर आठवड्याला कुठेतरी असतोच. लांबूनच एकाला टोमाहॉक मारा, मधोमध या आणि अनेकांना एकदम लागणारं ओव्हरपॉवर एकदा फिरवा. सगळे तुमच्यामागे लागले की थांबू नका, पळत राहा. पळताना मार कमी बसतो, कारण जवळून मारणाऱ्यांना आधी तुम्हाला गाठावं लागतं. इथे बटन खर्च करायचं नाही.

दुसरा घोळका. तेच, आणि भिंतीशी येऊन थांबा. आता दहाबारा शत्रू एकदम मारायला लागले. या पुलमधला सगळ्यात जास्त मार याच क्षणी बसणार, कारण अजून एकही मेलेला नाही. पहिलं मोठं बटन इथे. वॉरियरचं व्हेंजन्स पंधरा सेकंद तीस टक्के मार कमी करतं, शिवाय शारीरिक मार देणाऱ्या प्रत्येकाला दर फटक्याला उलट फटका देतं. बारा जण मारत असताना दाबलं तर तेच तुमचं मोठं डॅमेजचं बटन होतं. बॉसवर एकट्याच्या माराला दाबलं तर त्यातला हा भाग जवळजवळ वाया जातो. जीव वाचवणं आणि मारणं एकाच बटनात असेल, तर ते गर्दीत दाबायचं.

हीलर व्हाइट मेज असेल तर इथे एक बारकावा आहे. त्याच्या होलीने शत्रू काही क्षण सुन्न होतात. सुन्न राहण्याचा वेळ दर वेळी निम्मा होत जातो आणि मग परिणामच होत नाही. ते सुन्न असताना कुणी मारत नाही, म्हणजे तेवढा वेळ तुमचं व्हेंजन्स जळत असतं आणि उलटे फटकेही जात नाहीत. पहिल्या दोनतीन होली होऊ द्या, मग दाबा.

सोबत आर्म्स लेंथ. त्या वेळात जो तुम्हाला मारेल त्याचा मारण्याचा वेग मंदावतो. मोठ्या घोळक्यात हे बटन दिसतं त्यापेक्षा फार जास्त देतं आणि तरी निम्मे टँक ते दाबत नाहीत.

हे चालू असताना हात थांबलेला नाही. ओव्हरपॉवर, मग मिथ्रिल टेंपेस्ट, त्यातून मिळणारी दहा टक्के डॅमेजवाढ टिकवून ठेवायची. वाचवणारी बटनं दोन हल्ल्यांच्या मधल्या फटीत बसतात, त्यांच्यासाठी हल्ला सोडावा लागत नाही. ‘जीव वाचवायच्या नादात मारायचं राहिलं’ ही सबब या गेममध्ये चालत नाही.

व्हेंजन्स संपत आलं की रँपार्ट: वीस सेकंद, वीस टक्के. दोन्ही एकदम का नाही? कारण बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तीस आणि वीस मिळून पन्नास टक्के कमी होतील असं वाटतं. प्रत्यक्षात ०.७ गुणिले ०.८ म्हणजे ०.५६, कमी झाले चव्वेचाळीस. एकामागून एक लावली तर पस्तीस सेकंद आधार मिळतो. एकदम दोन लावायची वेळ फक्त तेव्हा, जेव्हा एकाने खरंच भागत नाही.

रँपार्ट संपेपर्यंत अर्धे शत्रू पडलेले असतात. उरलेल्यांसाठी काही लागलंच तर थ्रिल ऑफ बॅटल, एचपी वीस टक्क्यांनी वाढतो. होल्मगँग मात्र हीलर मेला किंवा त्याचं नेट गेलं अशा वेळेसाठी ठेवा: दहा सेकंद तुमचा एचपी एकाच्या खाली जात नाही.

पुल संपल्यावर आठवून बघा, एचपी कुठपर्यंत उतरला होता. चाळीस-पन्नास टक्क्यांवर खेळत राहिला असेल तर बरोबर चाललंय. नव्वदच्या आसपासच राहिला असेल आणि वाटेत आणखी शत्रू मिळत असतील, तर पुढच्या वेळी जास्त ओढा. वस्तू न बदलता डॅमेज वाढवायचा हा सोपा मार्ग: जितके जास्त शत्रू एका जागी, तितका प्रत्येक ओव्हरपॉवर जास्त जणांना लागतो, आणि दोन्ही डीपीएसचाही.

पायरी ६: उभं कुठे राहायचं

थोडक्यात सांगतो. बॉसचं तोंड टोळीपासून दुसरीकडे. त्याला उगाच फिरवायचं नाही, कारण तुम्ही फिरवलात की मागून मारणाऱ्या डीपीएसचा डॅमेज जातो. पाठीमागून आलेला फटका ढालीने अडवता येत नाही, म्हणून घोळका नेहमी समोर ठेवा. आणि हललात तरी तेवढंच हला की हात पोचत राहील.

माणसाविरुद्ध: अॅक्स आणि रेनहार्ट

डोटामधला अॅक्स हा या विषयाचा धडाच आहे. बर्सर्कर्स कॉल दिला की आसपासचे शत्रू त्याला मारायला बांधले जातात आणि तेवढ्यापुरतं त्याचं आर्मरही वाढतं. त्याला मारलं की काउंटर हेलिक्स गरगर फिरून सगळ्यांना कापतं. म्हणजे त्याचा डॅमेज मार खाण्यातून येतो. म्हणून जाणते खेळाडू आधी आर्मर घेत नाहीत, २२५० सोन्याचं, क्षणात पुढे पोचवणारं ब्लिंक डॅगर घेतात. जाडी कितीही असली तरी शत्रूंच्या मधोमध पोचता आलं नाही तर ती कामाची नाही. मग बसलेला मार उलटवणारं ब्लेड मेल: ते चालू करून कॉल दिला की समोरचे स्वतःलाच मारत सुटतात. त्यानंतर मात्र जाडी लागते, कारण ब्लेड मेल चालू असतानाच तुम्ही मेलात तर उलटवायला कुणी उरलं नाही.

क्रम लक्षात घ्या: पोचणं, मग परत देणं, मग टिकणं. डंजनमधल्या टँकच्या अगदी उलट.

ओव्हरवॉचच्या रेनहार्टचं दुखणं वेगळं. ढाल वर असेल तर हातोडा चालत नाही आणि हातोडा चालवायचा तर ढाल खाली. ढाल खाली असतानाच ती भरून येते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे ओव्हरवॉच २ आल्यापासून, मुख्य खेळात प्रत्येक बाजूला एकच टँक असतो. सतत ढाल धरून उभा राहणारा रेनहार्ट टोळीला चार जणांवर खेळवतो. समोरच्याने मोठं अस्त्र वापरलं की ढाल. त्याने ते खर्च केलं की हातोडा घेऊन पुढे. समोरच्याचं काय शिल्लक आहे ते मोजणं म्हणजे इथला हिशेब.

फोनवर खेळत असाल तर

२९ जून २०२० ला बंदी आलेल्या ५९ अॅपमध्ये मोबाइल लेजंड्स होतं आणि आपल्याकडच्या कित्येक पोरांचं टँकिंग तिथेच थांबलं. त्यानंतर त्यातले बरेच पोकेमॉन युनाइटवर आले. तिथे सामना दहा मिनिटांचा, पाच जणांविरुद्ध पाच, आणि टँकला डिफेंडर म्हणतात. हातात धरायच्या वस्तूंच्या तीन जागा. माझं मत: फोकस बँड आणि बडी बॅरियर ठेवा आणि तिसऱ्या जागेवर काय ते खेळून बघा. वाचवणाऱ्या तिन्ही ठेवल्या तर स्नॉरलॅक्स मरत नाही हे खरं, पण त्याच्या शेजारून पाचही जण निघून जातात.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी पार करतो तेव्हा फोन तापून फ्रेम गळायला, म्हणजे चित्र अडखळायला, लागतात. अशा वेळी ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, चार्जिंगला लावून खेळू नका आणि मागचं कव्हर काढा. नेमक्या क्षणी दाबायच्या बटनावर जगणारा बिल्ड दुपारी बाराला खेळायचा नाही.

लॅग आणि लाइट

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा मिलिसेकंदांतला वेळ, वीस असलेला माणूस मोठा फटका बघून बटन दाबू शकतो. दोनशे असलेल्याने बघून दाबलं तर उशीर झाला. डोटाचे सर्व्हर भारतात आहेत, फायनल फँटसीचे नाहीत, तिथे जपानी किंवा आणखी लांबच्या सर्व्हरवर खेळावं लागतं. म्हणून पिंग जास्त असेल तर दोन बदल करा. बॉसचा हात उचलला जाताना नाही, त्याच्या हल्ल्याची पट्टी अर्धी भरली की बटन दाबा. आणि ‘पुरेसं’च्या वर थोडी शिल्लक मुद्दाम ठेवा. पिंग वीसवाला जी दहा टक्के शिल्लक डॅमेजला लावेल, ती तुम्ही लावू नका. यात कमीपणा काही नाही, तुमचा पायरी तीनमधला आकडाच वेगळा आहे.

लाइट जाण्यावर एकच उपाय: राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, आणि लाइट गेल्यावर पहिल्यांदा मरतो तो राउटर. टँक मध्येच गळाला तर बाकीच्यांची पंधरा मिनिटं गेली.

बोलायचं काय

आमच्या टोळीतला हीलर वाळूजला दुसरी शिफ्ट करून रात्री उशिरा येतो, थकलेला असतो. त्याच्याशी चाललेलं बोलणं पूर्वी असं असायचं:

‘हील दे की रे, मरायलोय ना!’

‘एवढे कशाला ओढून आणलास? थांब म्हणलं होतं की.’

‘आता आणलाव ना, दे!’

यातून कुणालाच काही कळत नाही. आता पुलच्या आधी एवढंच ठरतं: किती घोळके, पहिलं बटन कुठलं, त्याचं मोठं हील कधी. मधे फक्त दोन शब्द चालतात. ‘लावलंय’ म्हणजे बटन चालू आहे, तू मार. ‘रिकामा’ म्हणजे माझ्याकडे काही उरलं नाही, माझ्याकडे बघ. ‘मरायलोय’ हा शब्द कामाचा नाही, तो येईपर्यंत उशीर झालेला असतो.

बदल करताना

एका वेळी एकच वस्तू बदला आणि तीच लढाई, शक्यतो त्याच हीलरसोबत, काही वेळा खेळून बघा. दोन वस्तू एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. डॅमेजकडे सरकताना दोन आकडे बघा: सगळ्यात खाली उतरलेला एचपी आणि हीलरने तुमच्यावर खर्च केलेले हील. पहिला उतरला आणि दुसरा तेवढाच राहिला, तर तुम्ही तुमची शिल्लक वापरलीत. दुसरा वाढला, तर तुम्ही हीलरचा डॅमेज काढून स्वतःच्या नावावर लावलात, टोळीला मिळालं काहीच नाही. ती वस्तू परत काढा.

नवा हीलर आला की पहिल्या दिवशी दोन पायऱ्या मागे या. त्याचा अडीच सेकंदांचा हील साडेचारला येत असेल, तर पायरी तीनमधल्या बेरजेत आणखी एक बारा हजारांचा फटका धरावा लागतो. म्हणजे बटनाशिवाय एक लाख एक हजार. एक लाख एचपीचा टँक तिथे मरतो. त्याचा हात कळेपर्यंत आर्मरच्या वस्तू अंगावर ठेवा, मग एकेक करून उतरवा.